धरू का?

ऋताचं पहिलं लग्न मोडलं तेव्हा मालवणात कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. मुलगी लहानपणापासूनच वेगळी. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून मागल्या दारी पळायची. लग्नकार्यात कुणी गालाला हात लावला की अर्धा दिवस गाल पुसत बसायची. आणि सगळं घर मालवणी बोलत असताना ही एकटीच पुस्तकातलं मराठी बोलायची.

नवरा वाईट नव्हता. कोल्हापूरला बँकेत होता, हिच्यासाठी येताना गजरा आणायचा. पण त्याने प्रेमाने दंडावरून बोटं फिरवली की ऋताला तिथे लाल मुंग्या डसल्यासारखं व्हायचं. ती दात आवळून पडून राहायची. तिला वाटायचं, सगळ्या बायका असंच करत असतील. एक दिवस तो वैतागून म्हणाला, "तू दगड आहेस गं." ऋताने ते खरं मानलं, बॅग भरली आणि आईकडे परत आली.

मालवणात तिला भूमी अभिलेखच्या कार्यालयात नोकरी मिळाली. जुने नकाशे संगणकावर चढवायचे. एका गावाच्या हद्दी दुसऱ्या गावाशी जुळवत ती दिवसचे दिवस रमायची. पण रात्री झोप येईना, म्हणून आई, सुगंधाबाई, तिला कुडाळला डॉक्टर आकांक्षांकडे घेऊन गेल्या. बऱ्याच भेटींनंतर डॉक्टर म्हणाल्या, "ऋता, तुम्ही ऑटिस्टिक आहात. हा आजार नाही. तुमच्या मेंदूची घडणच तशी आहे. आवाज, उजेड, स्पर्श तुम्हाला इतरांपेक्षा वेगळे जाणवतात."

परतीच्या एसटीत ऋता खिडकीशी बसून रडली. दुःखाने नाही. तीस वर्षं हरवलेली वस्तू कुणीतरी हातात आणून दिली होती.

तरी एक प्रश्न राहिलाच. तिला कुणीतरी हवं होतं. ही गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. कधी कार्यालयात आलेल्या एखाद्या पुरुषाचं मनगट दिसायचं आणि तिची नजर तिथून हटायची नाही. दगडाला असं होत नाही, एवढं तिला कळत होतं. मग हात लागला की का भाजायचं?

डॉक्टर आकांक्षा महिन्यातल्या एका रविवारी ऑटिस्टिक मोठ्या माणसांची बैठक घ्यायच्या. कुडाळातल्या एका शाळेचा वर्ग, ट्यूबलाइट बंद, खिडक्या उघड्या. ज्याला बसवत नसेल त्याने फिरावं, ज्याला बोलायचं नसेल त्याने गप्प राहावं. काहींचे घरचेही सोबत यायचे. अशाच एका बैठकीत डॉक्टर म्हणाल्या, "आज आपण प्रेमाबद्दल बोलू. शरीराबद्दलही. तुम्ही सगळे मोठे आहात, आणि हा तुमच्या आयुष्याचा भाग आहे."

मग मागच्या बाकावरच्या एक पन्नाशीच्या बाई उठल्या. कणकवलीजवळ नांदगावला त्यांचा काजूचा कारखाना होता. सगळे त्यांना अक्काच म्हणत. नवरा गेल्यावर त्या माहेरी परतल्या होत्या आणि धाकट्या भावाला, निहारला, सांभाळत होत्या.

"डॉक्टर, आमच्या निहाराक असल्या गोष्टींची गरज नाय," अक्का म्हणाल्या. "तो ल्हान पोरासारखो आसा. चल रे, ऊठ."

निहार उठला नाही. उंच, सावळा माणूस. चारचौघांत त्याचे शब्द संपायचे, हे बैठकीत सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी घाई केली नाही. तो खिडकीच्या गजांकडे बघत बोटांनी गुडघ्यावर ताल धरून बसला होता. ताल थांबला.

"अक्का, माका गरज आसा," तो म्हणाला. "मी छत्तीस वर्सांचो आसंय. तू कधी विचारलंसच नाय."

अक्का उभ्या होत्या त्या हळूच खाली बसल्या.

ऋताला पुढे काय झालं ते नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की तिचं तोंड आपोआप उघडलं. "मला एक विचारायचंय. माझ्या नवऱ्याने हात लावला की मला भाजायचं. पण मला कुणीतरी हवं आहे. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात का?"

डॉक्टर उत्तर देणार तेवढ्यात निहार बोलला. त्याची नजर अजून गजांवरच होती. "असतत. हलक्या हातान माका पण भाजता. जड हात चलता. ल्हान असताना मी भाताच्या पोत्याखाली जावन निजत होतंय. थंय बरां वाटायचा."

ऋता त्याच्याकडे बघत राहिली. जगात आणखी एक कातडी अशी होती, आणि ती तिच्यापासून दोन बाकांपलीकडे बसली होती.

नंतर डॉक्टर बऱ्याच गोष्टी बोलल्या. हलका स्पर्श काहींना टोचतो आणि घट्ट दाब सुखाचा वाटतो, हे त्यांनी सांगितलं. इच्छा असणं आणि स्पर्श न सोसणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही सांगितलं. कुणाला हे सगळं नकोच असेल तर तेही ठीकच, असंही त्या म्हणाल्या. ऋताने सगळं ऐकलं, पण तिच्या डोक्यात भाताचं पोतं होतं.

बैठक संपल्यावर निहारने तिचा नंबर मागितला. समोरासमोर तो सहसा चार शब्दांवर जात नसे, पण फोनवर लांबलचक संदेश लिहायचा, शुद्ध मराठीत, पूर्णविरामासकट. त्याने लिहिलं की त्याला समुद्राखाली जायला आवडतं. तो पाणबुड्याचं शिक्षण घेऊन पास झाला होता आणि थंडीत पाणी स्वच्छ असलं की मालवणला येऊन डुबकी मारायचा. "पाण्याखाली कुणी बोलत नाही," त्याने लिहिलं. "आणि पाणी सगळीकडून सारखं दाबतं. तुला यायचं आहे का? नको असेल तर नको लिही. मला वाईट वाटणार नाही. मला खरंच वाटत नाही."

ऋताने ते शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. आजवर तिला आमंत्रणं आली होती ती सगळी 'येच' म्हणणारी. तिने लिहिलं, "हो."

जानेवारीतली सकाळ होती. जेटीवर निहारसोबत चंदन नावाचा प्रशिक्षक होडी घेऊन थांबला होता. चंदनने ऋताला रबरी सूट चढवला. तो अंगाला इतका घट्ट बसला की ऋता चकित झाली. कपड्यांनी तिला जन्मभर टोचलं होतं. हा मात्र तिला सगळीकडून धरून होता.

"आता नीट बघा," चंदन म्हणाला. "खाली तोंडान बोलूक येवचा नाय. म्हणान हातान." त्याने अंगठा आणि तर्जनीचा गोल केला. "ह्यां ठीक." पंजा सपाट धरून डुलवला. "ह्यां, कायतरी बिनसला." तळहात समोर धरला. "ह्यां, थांब. मी विचारतलंय, आणि तुमी उत्तर देवकच होया. गप ऱ्हवलात तर मी ठीक समजाचंय नाय. गप ऱ्हवलात तर सगळां थांबवन तुमका वर आणतलंय."

ऋताने मान वर केली. "म्हणजे गप्प राहणं म्हणजे हो नाही?"

"कसा काय हो असात?" चंदनला प्रश्नच विचित्र वाटला. "गप म्हणजे धोको."

कोल्हापूरच्या त्या खोलीत ती किती वेळा गप्प राहिली होती. ही साधी गोष्ट जगात कुठेतरी नियम म्हणून शिकवली जात होती, आणि तीही तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर.

पाण्यात शिरताना तिला भीती वाटली. मग डोकं पाण्याखाली गेलं आणि सगळे आवाज बंद झाले. होडीचं इंजिन, जेटीवरचा गलका, माणसांचे एकमेकांवर चढणारे शब्द, सगळं वर राहिलं. उरला तो तिचा स्वतःचा श्वास. चंदनने गोल करून विचारलं. तिने गोल करून उत्तर दिलं. ते खाली गेले.

समुद्रातल्या किल्ल्याच्या मागे खडकांवर प्रवाळ होतं. पिवळ्याजर्द माशांचा एक थवा तिच्यासमोर आला, क्षणभर थांबला आणि एकदम वळला, कुणी हुकूम न देता. पाण्याचा भार तिच्या पाठीवर, पोटावर, मांड्यांवर, पायाच्या बोटांपर्यंत सारखा पसरला होता. तिच्या अंगाचा प्रत्येक भाग आपापल्या जागी होता. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपलं सगळं शरीर एकाच वेळी जाणवलं, आणि त्यात कुठेही दुखत नव्हतं.

निहार शेजारी तरंगत होता. त्याने आपल्या हाताकडे बोट दाखवलं, मग तिच्या मनगटाकडे, आणि भुवया उंचावल्या. धरू का?

तिने विचार केला. तो थांबला. मासे येत-जात राहिले. तिने अंगठा आणि तर्जनी जुळवली.

त्याने तिचं मनगट धरलं. हलकं नाही, घट्ट, पुरतं. कुठेही भाजलं नाही. ऋताला काचेच्या मुखवट्याआड रडू आलं आणि हसूही आलं, आणि चंदन घाईघाईने विचारू लागला, ठीक? ठीक? ती गोल करत राहिली.

वर्षभराने त्यांनी लग्न करायचं ठरवलं. सुगंधाबाईंना काळजी पडली. "परत तांच झाला तर? लोकांका काय सांगू गो मी?"

"लोकांना मी सांगेन, आई," ऋता म्हणाली. "तुला काही सांगायला लागणार नाही."

ओरोसला नोंदणी पद्धतीने लग्न झालं. हळद नाही, अक्षता नाहीत, बँड नाही. अक्का आल्या, सही केली, एका कोपऱ्यात बसून राहिल्या. भावाचं लग्न त्यांना खेळातल्यासारखं वाटत होतं आणि या खेळात कुणीतरी दुखावलं जाणार अशी त्यांची खात्री होती.

मालवणातच, धुरीवाड्यात, दोघांनी भाड्याने घर घेतलं. दोन खोल्या, दोन पलंग, कारण दोघांनाही झोपताना शेजारी कुणी हललेलं सोसत नसे. शेजारणींनी त्यावर बरीच चर्चा केली. निहार आठवड्यातले काही दिवस नांदगावला कारखान्यावर जायचा. बाकीचे दिवस इथे.

पहिल्यांदा ते एकमेकांजवळ आले तेव्हा नीट जमलं नाही. निहार अचानक उठला आणि काही न बोलता मागच्या पडवीत जाऊन बसला. ऋता आत पलंगावर ताठ बसून राहिली. तेच ते, तिला वाटलं. मी दगड आहे, आणि आता त्यालाही कळलं.

बऱ्याच वेळाने फोन वाजला. पडवीतून निहारने लिहिलं होतं. "तुझी चूक नाही. पंखा टकटक करतो. आणि तुझ्या केसांच्या तेलाचा वास. दोन्ही एकदम डोक्यात शिरलं आणि माझे शब्द संपले. मी तुला सोडून गेलो नाही. मी फक्त बाहेर आलो आहे."

ऋताने ते वाचलं. उठली, न्हाणीघरात गेली, केस धुतले. मग ओल्या केसांनीच पडवीत जाऊन त्याच्यापासून थोड्या अंतरावर बसली. "पंखा उद्या दुरुस्त करू," ती म्हणाली. निहार हसला.

त्यानंतर ते दोघं डॉक्टर आकांक्षांकडे गेले. डॉक्टरांनी लाजू दिलं नाही. शरीराचे भाग नावाने सांगितले, काय दुखू शकतं, काय दुखू नये, किती वेळ लागू शकतो, सगळं एखाद्या गावचा रस्ता सांगावा तसं. "कुठे पोचायचंच असं काही नाही," त्या म्हणाल्या. "दोघांना आवडेल तिथपर्यंत जा. विचारत राहा."

"हातानं विचारलां तर चलात?" निहारने विचारलं. "मधी माझे शब्द जातत."

"का नाही?" डॉक्टर म्हणाल्या. "उत्तम."

शिमग्याच्या आधीची एक दुपार. रस्ता सामसूम होता, पंखा बिनआवाज फिरत होता. निहारने गोल करून विचारलं. ऋताने गोल केला. तिने त्याचा तळहात उचलला, आपल्या खांद्यावर ठेवला आणि वरून दाबला. "एवढा." त्याने तेवढाच भार दिला. ती त्याला शिकवत गेली, तो तिला शिकवत गेला. मान नको. पाठ हवी. पोटावर अख्खा तळहात, बोटं नकोत. कुणीच काही ओळखून घ्यायचं नव्हतं. सगळं सांगायचं होतं, आणि सांगता येत होतं.

मध्येच ऋताने पंजा डुलवला. तो तिथल्या तिथे थांबला. तिने सवयीने त्याच्या चेहऱ्यावर राग शोधला. नव्हता. "काय?" त्याने विचारलं.

"चादरीची शिवण टोचते."

दोघांनी मिळून चादर काढून जमिनीवर टाकली आणि गादीवर जुनी मऊ धोतरं अंथरली. ऋताला हसू आवरेना. हसतच ती परत त्याच्याजवळ आली, आणि या वेळी तिनेच विचारलं.

मग त्याचा सगळा भार तिच्यावर आला आणि तिच्या आत कुठेतरी खोल, जिथे आजवर नुसती आवळलेली मूठ होती, तिथे ती मूठ सुटली. सुख तिला लोकांच्या बोलण्यातून माहीत होतं. ते इतकं मोठं असतं, पायाच्या बोटांपासून डोळ्यांच्या कडांपर्यंत भरून येतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. हे सगळं तिच्याच शरीरात होतं. आधीपासून होतं. कुणी बाहेरून आणून दिलं नव्हतं.

निहार एकच सूर धरून गुणगुणत होता. खूप आनंद झाला की तो तसं करायचा. ऋता त्याचा सूर आपल्या छातीच्या हाडांत ऐकत पडून राहिली. तिला देवळात कधी हात जोडावेसे वाटले नव्हते. त्या दुपारी वाटले.

मे महिन्यात अक्का राहायला आल्या. येताना बागेतला मोठा कापा फणस घेऊन आल्या. ऋताला फणसाचा चीक सोसत नाही हे त्यांना आता ठाऊक होतं, म्हणून त्यांनीच हाताला खोबरेल लावलं आणि स्वयंपाकघरात विळी घेऊन बसल्या. ऋता समोर बसून, हातात पातळ कापड घेऊन, सोललेले गरे थाळीत लावत होती.

निहार बाहेरून आला. दारात उभा राहून ऋताकडे बघत त्याने आपल्या हाताकडे बोट दाखवलं आणि भुवया उंचावल्या. ऋताने तळहात समोर धरला. आता नको.

"बरां," निहार म्हणाला, माठातलं पाणी प्यायला, एक गरा उचलला आणि खात खात पडवीत गेला.

अक्कांची विळी थांबली होती. "काय विचारल्यान तुका?"

"जवळ घेऊ का, असं."

"आणि तू नको म्हटलंस?"

"हो. आता उकडतंय."

"रागावलो नाय तो?"

"कशाला रागावेल?" ऋताला प्रश्न कळला नाही. "त्याने विचारलं, मी सांगितलं."

अक्का दाराकडे बघत राहिल्या. पडवीत निहार काहीतरी गुणगुणत होता. ज्याला त्या लहान पोर समजत आल्या होत्या तो हा माणूस. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की जणू घराच्या परसातच एक देऊळ होतं आणि ते त्यांना आज दिसलं.

"इतकी वर्सां संसार केलंय मी," त्या हळू म्हणाल्या. "घोव वाईट नव्हतो गो. मारल्यान नाय, उपाशी ठेवल्यान नाय. पण विचारल्यान नाय कधी. आणि माका ठावकच नव्हतां, ह्यां विचारूचा असता म्हणान." त्यांनी हातातला गरा थाळीत टाकला. "आज इतक्या वर्सांनी माका कळता, आणि तां पण कोणाकडसून? आमच्या निहाराकडसून."

ऋताने थाळी बाजूला ठेवली. अशा वेळी लोक काय करतात हे तिला कधीच नीट कळत नसे. म्हणून तिने तिला येत होतं तेच केलं. "अक्का, मी तुम्हाला मिठी मारू का? उत्तर द्यायची घाई नाही."

अक्कांनी तिच्याकडे पाहिलं. चिकाने माखलेल्या आपल्या हातांकडे पाहिलं. ऋता थांबली होती, आणि तिचं थांबणं खरंच थांबणं होतं.

"नको," अक्का म्हणाल्या, आणि आपल्याच तोंडून निघालेल्या शब्दाने दचकल्या.

"बरं," ऋता म्हणाली. तिने थाळी परत पुढे ओढली आणि गरे लावायला लागली.

अक्का वाट बघत बसल्या. कुणी रुसलं नाही. कुणी आवाज चढवला नाही. बाहेर कावळा ओरडला, एवढंच. "नको," त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं, या वेळी जरा मोठ्याने. आणि मग त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, हात चिकाचे म्हणून दंडाने डोळे पुसत त्या हसत राहिल्या.

"काय झालां गो?" निहारने पडवीतून विचारलं.

"काय नाय रे!" अक्का म्हणाल्या. "माका नको म्हणूक येता!"

दोन दिवसांनी ऋता त्यांना स्टँडवर सोडायला गेली. कणकवलीची गाडी लागली होती. अक्का वर चढल्या, खिडकीशी जागा धरली, रिकामी पिशवी मांडीवर घेतली. गाडी सुरू झाली तशा त्या गजांतून वाकल्या.

"पुढच्या खेपेक परत विचार गो," त्या म्हणाल्या. "बघूया, मी काय सांगतंय तां."